भाया, मी आणि मधला ड्रोन

माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि तेवढीच वर्षं मी माझ्या भायांशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण वगैरे काही नव्हतं. भाया म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या धारूर-तेलगाव पट्ट्यात, निदान आमच्या घरात, धाकट्या भावाच्या बायकोनं भायापुढं डोक्यावरचा पदर घसरू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, असा रिवाज आहे. मी नवी नवरी होऊन आले त्या दिवशी सासूनं ते कानात सांगितलं आणि ते कानातच राहिलं. तू बारावी शिकलेली, तुला हे पटलं कसं, असं माझी मुलगी पुण्याहून फोनवर विचारते. पटण्या-न पटण्याचा प्रश्न कधी आलाच नाही, असं मी तिला सांगते. चपला दाराबाहेर काढायच्या, हेही मला कुणी पटवून दिलेलं नाही.

बोलायचं नाही म्हणजे बोलणं होत नाही असं मात्र नाही. घरं लागून, शेतं लागून, विहीर एक. बोलल्याशिवाय कसं चालेल? बोलणं फक्त तिसऱ्याच्या अंगावर टाकायचं. घरात जाऊबाई गवार निवडत बसलेल्या असतात. मी त्यांच्याकडं बघून म्हणते, ‘दुपारी मोटार आमाला लागंल म्हणावं.’ भाया तिथंच चार हातांवर पेपर वाचत असतात. ते जाऊबाईंकडं बघून म्हणतात, ‘दोन वाजल्यापासून घ्या म्हणावं.’ जाऊबाई मान वर करत नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी आमचा एकही निरोप स्वतःच्या तोंडानं पोचवलेला नाही, तरी एकही निरोप चुकला नाही. शेतात जाऊबाई नसल्या तर मी म्हशीशी बोलते, आणि म्हैस नसली तर बांधावरच्या कडुलिंबाशी.

भाया माणूस चांगला. रोज सकाळी कपाळाला तीन बोटं भस्म, सोमवारी उपास, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांची एकच खोड, ती म्हणजे बांध. आमच्या दोन शेतांमधला बांध वाटणीच्या वेळी बैल जाईल एवढा रुंद होता. आता त्यावरून शेळी जाते, तीही विचार करून. दर पेरणीला नांगराचं एक तास, म्हणजे एक चर, भाया माझ्या बाजूला सरकवतात. यात त्यांना एकट्याला दोष देणं बरं नव्हे, कारण पलीकडच्या अंगाला जो दुसरा शेजारी आहे त्याच्या बांधाचं मी काय केलंय ते मला ठाऊक आहे.

त्यांच्या शेतात कापूस. माझ्या शेतात तुती, आणि तुतीच्या कडेला शेड. शेडमध्ये माझे रेशमाचे किडे. हा व्यवसाय माझा, माझ्या हट्टाचा. नवऱ्याचं तेलगावला दुकान आहे, पत्रे, पाईप, खिळे असलं सगळं. तो म्हणाला होता, भस्म लावणाऱ्या घरात किडे पाळायचे का? भायांनी जाऊबाईंकडून तेच विचारलं होतं. मी जाऊबाईंना म्हणाले, गायी पाळतो तसे पाळू. तेव्हापासून सहा वर्षं मी दर दीड-दोन महिन्यांनी किड्यांची एक बॅच काढते. किडे चार वेळा कात टाकतात, आणि चौथी कात टाकली की आठवडाभर नुसते खात सुटतात. त्या आठवड्यात मी पोटच्या पोरांना विसरते. पहाटे पाला, दुपारी पाला, संध्याकाळी पाला. शेडमध्ये उभं राहिलं की त्यांच्या खाण्याचा आवाज येतो, आणि खोटं कशाला बोलू, त्या आवाजानं मला जेवढं सुख होतं तेवढं कुणी स्तुती केल्यानंही होत नाही.

या किड्यांना एकाच गोष्टीचं भय, कपाशीवरच्या औषधाचं. पाल्यावर नुसता वारा लागला औषधाचा तरी किडे डोकी झटकतात, ओकतात, आणि संध्याकाळपर्यंत सगळा रॅक गप्प होतो. म्हणून भाया फवारायच्या आदल्या दिवशी जाऊबाईंकडून निरोप धाडत. माझे किडे खाण्यावर असले तर माझ्या बाजूच्या सहा ओळी ते सोडून देत, आणि किडे कोशाला बसले की मागून मारून घेत. बांधाच्या बाबतीत तास-तास सरकणारा हा माणूस सहा ओळींच्या बाबतीत कधीही चुकला नाही.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. भायांची कंबर धरली. डॉक्टरांनी पाठीवर पंप घ्यायचा नाही म्हणून बजावलं, आणि फवारायला गडी मिळेनात. आणि जाऊबाई घाटनांदूरला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. त्यामुळं भायांनी ड्रोन बोलावला, हे मला कुणी सांगितलंच नाही.

मी आपली बांधाकडच्या पहिल्या दोन ओळींत पाला कापत होते. किड्यांना चौथी कात टाकून तीन दिवस झालेले. पाहिलं तर भाया शेताच्या कडेनं चाललेत, हातात काहीतरी यंत्र, आरतीचं ताट धरावं तसं दोन्ही हातांनी धरलेलं. मला वाटलं, मोबाईलला रेंज शोधतायत. मी पाठमोरी झाले, ते माझ्या मागून, अगदी माझ्या तुतीतून गेले. मी लिंबाला म्हणाले, ‘वाट पलीकडून हाय म्हणावं.’ लिंबानं काही उत्तर दिलं नाही. भायांनीही नाही.

थोड्या वेळानं कपाशीच्या पल्याडून असा आवाज सुटला की विहिरीवरची सगळी कबुतरं उठली. सहा पंखांचं एक धूड कपाशीवरून आलं, बांधाशी आल्यावर थांबेल असं मला वाटलं, ते थांबलं नाही. बांध ओलांडून ते माझ्या डोक्यावर आलं, तिथंच वळलं, आणि वळता वळता त्याच्या वाऱ्यानं माझा पदर उडवून पार कमरेखाली नेला. पिना तुटल्या. अंबाडा सुटला. सव्वीस वर्षांत उन्हावाऱ्यात, लग्नाकार्यात, सासरे गेले त्या दिवशीच्या रडारडीतसुद्धा भायांपुढं न ढळलेला माझा पदर, आणि समोर पंधरा पावलांवर भाया उभे. त्यांनी ताबडतोब धारूरच्या डोंगराकडं तोंड केलं आणि तो डोंगर आजच दिसल्यासारखा बघत राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पदर सावरताना हाताला ओल लागली. पाल्यावर थेंब होते. नाकाशी नेऊन बघितलं, वास नव्हता. साधं पाणी.

पाणी भरून नुसती चाचणी घेतली होती. वारा वाढला म्हणून औषध उद्या सकाळी, असं ठरवून ड्रोनवाले गेले. हे मला त्यांची गाडी वळत होती तेव्हा रस्त्यावरच्या एका बाईकडून कळलं. शेड बांधापासून वीस पावलांवर. तुतीच्या दोन ओळींचा पाला मी टाकून दिला असता, पण आठ फुटांवरून पंख्यानं उडवलेलं औषध जाळीतून आत यायला काय वेळ लागणार? संपूर्ण बॅच जाणार होती. मी विळा तिथंच टाकला आणि नवऱ्याला दुकानात फोन लावला.

नवरा दुकानावरून आल्याबरोबर मी त्याला धरलं. ‘आत्ताच्या आत्ता दादांना फोन लावा.’ तो जेवायलासुद्धा बसला नाही, फोन घेऊन ओट्यावर गेला. मी दाराआडून ऐकत होते. सरकी पेंडीचा भाव झाला, जावयाची बदली झाली, बाळंतिणीची तब्येत झाली, मोटारीचा स्टार्टर झाला. फोन ठेवून आत आला.

‘काय म्हणले?’

‘बरे हायत.’

‘ड्रोनचं?’

‘विषय निघाला न्हाई.’

हा माणूस दुकानात ठेकेदारांशी हुज्जत घालतो, पण थोरल्या भावापुढं त्याची वाचा बसते. मी भाकरी ताटात जरा जोरात ठेवली. मग तो दुकानातल्या गिऱ्हाइकांनी दिलेले सल्ले सांगायला लागला, कारण माझा दुपारचा फोन त्यानं चौघांत घेतला होता. एकजण म्हणाला, गोफण मारा. एकजण म्हणाला, आरसा धरा, त्याचे डोळे दिपतात. एका शहाण्यानं सांगितलं की सातबारा जमिनीचा असतो, वरचं आभाळ सरकारचं. त्यावर दुसऱ्यानं त्याला झापलं, की उसाच्या उंचीपर्यंत आभाळ मालकाचंच, त्याच्यावर सरकारचं. दुकानात यावर अर्धा तास चर्चा झाली आणि उसाची उंची किती धरायची इथं ती मोडली.

‘मग काय ठरलं?’ मी विचारलं.

‘मी सकाळी बोलतो दादाशी,’ तो म्हणाला. सकाळी मी शेडमध्ये पाला टाकून बाहेर आले तर त्याची गाडी नव्हती. दुकान नऊला उघडतं. साडेसहा वाजले होते.

मी घरातल्या जुन्या साड्या काढल्या आणि बांबूंना बांधून बांधावर ओळीनं उभ्या केल्या. ड्रोनला काय वाटेल ते मला ठाऊक नव्हतं, पण हात रिकामे ठेवणं शक्य नव्हतं. भाया आले. त्यांनी साड्यांकडं पाहिलं, मग लिंबाकडं पाहून म्हणाले, ‘धुणं वाळवायला घरी जागा न्हाई का म्हणावं.’

मी लिंबाला म्हणाले, ‘माझे किडे खाण्यावर हायत म्हणावं. यंत्र बांध ओलांडून माझ्या तुतीत येतंय म्हणावं.’

‘यंत्राची मोजणी हाय म्हणावं. यंत्र चुकत न्हाई.’

एवढ्यात गाडी आली. ड्रोन चालवणारी एक बाई होती, माझ्याच वयाची, बचत गटातून शिकलेली, साडीवर कोट, पायात बूट. तिचा नवरा मागं मागं बॅटऱ्या उचलत होता आणि ती सांगेल तिथं ठेवत होता. दुसऱ्या वेळी मी ते दृश्य उभी राहून बघितलं असतं. मी तिच्याकडं पळाले आणि भायांकडं बोट न करता हळूच म्हणाले, ‘ताई, त्यांना जरा समजावा. औषधानं माझे किडे मरतील.’

‘कुणाला समजावू?’

‘त्यांना.’

भाया दहा पावलांवरून तिला म्हणाले, ‘सहा ओळीचं नंतर बघू म्हणावं. आदी मधलं शेत घ्या.’

‘मधलं घ्यायचं तरी ते वळायला माझ्या डोक्यावर येतंय म्हणावं.’

ताईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा भायांकडं. ‘तुमी दोघं एकमेकाला दिसत न्हाईत का?’ त्या म्हणाल्या. ‘मला ड्रोन उडवायला शिकवलंय, निरोप्याचं काम न्हाई शिकवलेलं. माझ्या नकाशात जे हाय ते मी मारणार. थांबवायचं तर मालकानं सांगावं. मालक तितं हुबाय.’ आणि त्यांनी बटण दाबलं.

सहाच्या सहा पंखे सुटले. आता लिंबाला सांगून उपयोग नव्हता, लिंबाला स्वतःचंच ऐकू येत नसेल. ड्रोन उचलला. या वेळी त्याच्या पोटातल्या टाकीत पाणी नव्हतं. मी भायांच्या दिशेनं चालायला लागले. दहा पावलं होती, पण ती मला आठवतात तशी माझ्या लग्नाची सात पावलंही आठवत नाहीत. चार हातांवर थांबले आणि म्हणाले, ‘दादा.’

भायांनी मागं वळून पाहिलं, की आपल्या मागं कोण दादा आलाय. कुणी नव्हतं.

‘दादा, थांबवा त्याला.’

आवाजात ऐकू गेलं नाही. त्यांनी कानाला हात लावला. मग मी जेवढा जीव होता तेवढा घशात आणून ओरडले, ‘दादा, थांबवा. माझे किडे मरतील.’ रस्त्यावरून चाललेली एक जीप थांबली. सव्वीस वर्षांचं मौन असं हळूच, घोटभर पाणी पिऊन, चांगल्या शब्दांत मोडावं असं माझ्या मनात कधी आलं असेल तर ते तिथंच राहिलं.

भायांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी उजवा हात वर केला. ताईंनी ड्रोन खाली घेतला, पंखे थांबले, आणि शिवारात एकदम सामसूम झाली. आम्ही तिघं आणि बॅटऱ्यांचा नवरा उभे.

ताईंनी यंत्र आणून आमच्या दोघांच्या मधे धरलं. पडद्यावर वरून दिसणारं शेत होतं. हिरव्या कपाशीभोवती पिवळी रेघ, तीन बाजूंनी सरळ. चौथ्या बाजूला ती बांध ओलांडून माझ्या तुतीत शिरली होती, दोन ओळी आत, लिंबाला पूर्ण वळसा घालून. ‘मी काही केलं न्हाई,’ ताई म्हणाल्या. ‘हे यंत्र हातात घेऊन कडेनं चाला म्हणलं. मालक जितून चालले ती हद्द.’

बांध नांगरानं कोरतात हे मी सव्वीस वर्षं पाहिलं होतं. नुसतं चालून कोरलेला पहिल्यांदा पाहिला. पण भायांकडं बघून मला कळलं, की यात त्यांचा डाव नव्हता. त्यांनाच धक्का बसला होता. ते ती रेघ बोटानं दाबून पाहत होते, जणू पुसली जाईल. दर वर्षी बांधाच्या पल्याडून, माझ्या बाजूनं चालायची पायांना सवय पडलेली. यंत्र हातात असताना तरी अल्याडून चालावं हे त्यांच्या पायांना सुचलं नव्हतं.

‘माझी चालच तशी हाय,’ ते म्हणाले. ताईंना म्हणाले का मला, ते कळलं नाही.

मग त्यांनी माझ्या पायांच्या बोटांकडं बघत विचारलं, ‘किती दिस राहिलेत?’ त्यात तू नव्हतं, तुमी नव्हतं, पण मधे म्हणावंही नव्हतं.

‘चार,’ मी म्हणाले.

भायांनी कपाशीचं एक पान उलटं करून पाहिलं. मागं रस शोषणारे तुडतुडे होते, मलाही दिसले. ते ताईंकडं वळले. ‘चार दिवसानं या.’

‘चार दिवसानं मी माजलगावकडं असन,’ ताई म्हणाल्या. ‘तुमचा नंबर मंग पंधरा दिवसानं लागंल. तवर तुडतुडे थांबणार हायत का?’

भायांनी पान सोडून दिलं. ‘जावा तुमी,’ ते म्हणाले. ताईंच्या नवऱ्यानं बॅटऱ्या परत गाडीत चढवल्या.

मी त्या दिवशी जिंकल्यासारखी घरी आले. नवऱ्याला फोन करून सगळं साभिनय सांगितलं. तो म्हणाला, ‘मी आज बोलणारच होतो.’ मी फोन ठेवला.

चार दिवसांनी किडे चंद्रिकेवर गेले. चंद्रिका म्हणजे प्लॅस्टिकच्या घड्यांची जाळी, त्यात किडा बसून कोश विणतो. खाणं संपलं, आता पाल्याचं भय नाही. मी शेडचे पडदे पाडले, बाहेर आले, तर भाया कपाशीत. पाठीवर जुना पंप. दोन ओळी मारायचे आणि कमरेवर हात ठेवून वाकून उभे राहायचे. मग पुन्हा दोन ओळी. वाऱ्याचं तोंड शेडपासून उलटं होतं, त्यांनी ते पाहूनच सुरुवात केली असणार. माझ्या बाजूच्या सहा ओळी त्यांनी शेवटाला ठेवल्या होत्या.

मला रडू आलं, आणि रागही आला. माझा राग कुणावर होता ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्यांना कुणाकरवी तरी निरोप धाडता आला असता, गडी शोधायला आणखी दोन दिवस थांबता आलं असतं, मला सांगता आलं असतं. कसं सांगणार होते?

मी बांध ओलांडला आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. ‘दादा, पंप इकडं द्या.’

‘कावून?’

‘तुमी बसा.’

माझ्या पायांच्या बोटांकडं बघत त्यांनी एक पट्टा काढला, दुसरा त्यांना निघेना, तो मी काढला. पंप जड होता. मी तो पाठीवर घेतला आणि नळीची चावी शोधत होते, तेवढ्यात त्यांनी खांद्यावरचा आपला टॉवेल माझ्यासमोर धरला. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं.

‘हा नाकातोंडाला गुंडाळ,’ ते म्हणाले. ‘आन् वाऱ्याकडं पाठ ठिवून चाल. औषध लई वाईट हाय.’